उसापासून विमानाचं इंधन : सगळा खेळ कॅटॅलिस्टचा, अन् उताऱ्याचा

गेल्या काही वर्षांत राज्यात ठिकठिकाणी व्हॅन गाड्यांचे सायलेन्सर चोरीला गेल्याच्या बातम्या येत असतात. अख्खी गाडी दारात सोडून चोर नुसता सायलेन्सर का नेतो, हा प्रश्न अनेकांना पडतो. उत्तर सायलेन्सरच्या आत असतं. तिथे मधाच्या पोळ्यासारखा एक ठोकळा बसवलेला असतो आणि त्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम अशा महाग धातूंचा अगदी पातळ थर असतो. इंजिनातला विषारी धूर त्या ठोकळ्यातून जाताना बराचसा निरुपद्रवी होऊन बाहेर पडतो. गंमत अशी की हजारो किलोमीटर गाडी पळाली तरी तो धातू त्या कामात खर्ची पडत नाही. म्हणून तर चोराला त्याची किंमत येते.

काम करून द्यायचं, पण स्वतः खर्च व्हायचं नाही, अशा पदार्थाला कॅटॅलिस्ट म्हणतात. मराठी पुस्तकांत त्याला उत्प्रेरक हा शब्द आहे. आज उसाच्या अल्कोहोलपासून विमानाचं इंधन, भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल, बांबूपासून रसायनं अशा घोषणा रोज कानावर पडतात. या सगळ्यांच्या पोटात कुठे ना कुठे हा कॅटॅलिस्ट बसलेला आहे. प्रकल्प चालणार की बंद पडणार, कच्च्या मालाला दर परवडणार की नाही, हे बऱ्याच अंशी तोच ठरवतो. म्हणून शेतकऱ्याने त्याची तोंडओळख करून घेतलेली बरी.

घाट आणि बोगदा

साताऱ्याकडून पुण्याला जाताना खंबाटकीचा बोगदा लागतो. पुण्याहून येताना मात्र वर्षानुवर्षं जुन्या रस्त्याने घाट चढून उतरावा लागायचा. दोन्ही बाजूंची गावं तीच, त्यांची उंचीही तीच. फरक मधल्या चढाचा. घाटात डिझेल जास्त जळतं, वेळ जातो, एखादी जड गाडी तर वरपर्यंत पोचतच नाही.

रासायनिक क्रियेचंही असंच असतं. एका पदार्थाचा दुसरा पदार्थ व्हायचा तर मध्ये एक चढ चढावा लागतो. त्यासाठी उष्णता द्यावी लागते, दाब द्यावा लागतो. कॅटॅलिस्ट त्या चढाला बोगदा पाडून देतो. क्रिया कमी उष्णतेत होते, लवकर होते. मात्र जी क्रिया मुळातच होण्यासारखी नाही ती कॅटॅलिस्ट करून दाखवू शकत नाही. पाण्यावर गाडी चालवणारी पावडर कुणी विकायला आला तर त्याला एवढंच सांगावं.

घरातलं उदाहरण म्हणजे विरजण. चमचाभर विरजणाने पातेलंभर दूध लागतं. पण विरजणात जिवंत जिवाणू असतात, ते वाढतात. त्या जिवाणूंच्या आत जी विकरं असतात, ज्यांना कारखान्यात एन्झाइम म्हणतात, ती खरी उत्प्रेरकं. मळीतल्या साखरेचं अल्कोहोल करणाऱ्या यीस्टमध्येही हीच विकरं काम करतात. म्हणजे डिस्टिलरीत कॅटॅलिस्ट पहिल्यापासून आहेच, फक्त तो सजीवांकडून उसना घेतलेला आहे.

युरियाच्या गोणीमागचं लोखंड

शेतकऱ्याच्या हातात रोज येणारी कॅटॅलिस्टची सगळ्यात मोठी करामत म्हणजे युरिया. हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन आहे, पण पिकाला तो थेट घेता येत नाही. जर्मन शास्त्रज्ञ फ्रिट्झ हाबर यांनी नायट्रोजन आणि हायड्रोजन एकत्र आणून अमोनिया करण्याची वाट शोधली. कार्ल बॉश यांनी ती कारखान्यात उतरवली. १९१३ मध्ये जर्मनीतल्या ओपाऊ इथे पहिला मोठा कारखाना सुरू झाला.

सुरुवातीला ज्या धातूंनी काम होत होतं ते ऑस्मियम आणि युरेनियम. एक दुर्मीळ, दुसरा त्रासाचा. मग आल्विन मिटाश यांनी स्वस्त पदार्थ शोधायला घेतला. अडीच हजारांच्या आसपास मिश्रणं आणि साडेसहा हजार चाचण्या झाल्या. शेवटी उपयोगी पडलं ते साधं लोखंड, त्यात थोडं ॲल्युमिना आणि पोटॅश मिसळलेलं. शंभर वर्षं उलटून गेली तरी जगातला बहुतेक अमोनिया अजून लोखंडाच्याच कॅटॅलिस्टवर होतो. अलिबाग तालुक्यातल्या थळच्या खत कारखान्यात युरियाच्या आधी अमोनियाच करावा लागतो.

यातून एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. प्रयोगशाळेत क्रिया जमली म्हणजे अर्धंच काम झालं. ती स्वस्त पदार्थावर, मोठ्या प्रमाणावर, वर्षानुवर्षं चालली पाहिजे. तेव्हाच त्याची गोणी होते.

एका ग्रॅममध्ये दोन-तीन गुंठे

कॅटॅलिस्टचं काम त्याच्या पृष्ठभागावर चालतं. त्यामुळे कमी वजनात जास्तीत जास्त पृष्ठभाग पाहिजे. कारखान्यात वापरतात त्या ॲल्युमिनाच्या गोळ्या बाहेरून खडूसारख्या दिसतात. पण आतून त्या इतक्या सच्छिद्र असतात की एका ग्रॅमचा आतला पृष्ठभाग उलगडला तर २०० ते ३०० चौरस मीटर भरतो. आपल्या मापात दोन ते तीन गुंठे. चिमूटभर पावडरीत दोन-तीन गुंठे रान मावलेलं असतं म्हणायचं.

दुसरा महत्त्वाचा पदार्थ झिओलाइट. सिलिकॉन, ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजन यांची ही जाळी असते. तिची भोकं इतकी बारीक आणि एकसारखी असतात की ठरावीक आकाराचा रेणूच आत-बाहेर करू शकतो. धान्य चाळताना चाळणी जे करते तेच हा झिओलाइट रेणूंच्या बाबतीत करतो. शिवाय आत आलेल्या रेणूची जोडतोडही करतो.

चांगला कॅटॅलिस्ट ओळखायच्या तीन परीक्षा आहेत. पहिली, काम किती वेगाने होतं. दुसरी, जे हवं तेच निघतं की भलतंच काही निघतं. तिसरी, तो किती दिवस टिकतो. पेपरात बातमी येते ती बहुतेक वेळा पहिल्या परीक्षेची. कारखाना बुडतो तो दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या परीक्षेत.

टिकण्याला तीन शत्रू आहेत. एक काजळी. चुलीवरच्या पातेल्याच्या बुडाला धरते तशी ती छिद्रांत बसते आणि वाट बंद करते. ती हवेत जाळून काढता येते, पण त्यासाठी काम थांबवावं लागतं. दोन, जास्त उष्णता. तिने धातूचे बारीक कण एकमेकांना चिकटून मोठे होतात आणि पृष्ठभाग घटतो. तीन, विष. गंधक, शिसं, पोटॅशियम असे पदार्थ कॅटॅलिस्टच्या कामाच्या जागा अडवून बसतात. खत कारखान्यात नैसर्गिक वायू आत घेण्याआधी त्यातलं गंधक काढतात ते याचसाठी. देशात २००० साली शिसंविरहित पेट्रोल सगळीकडे आलं त्यामागे आरोग्याचं कारण होतंच, पण शिशाने गाडीतला कॅटॅलिस्ट बाद होतो हेही होतं.

अल्कोहोलचं जेट इंधन कसं होतं

आता उसाकडे येऊ. इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळता येतं, मग विमानात का नको? कारण इथेनॉल पाणी धरून ठेवतं आणि लिटरमागे त्यात ऊर्जा कमी असते. जेट इंधनाच्या साधारण साठ टक्केच. विमानाला वजन आणि जागा दोन्ही मोजूनमापून वापरावी लागते. शिवाय जगभरची विमानं, टाक्या, पंप सगळं आहे त्या इंधनासाठी बनवलेलं आहे. म्हणून इथेनॉलचाच रेणू बदलून घ्यावा लागतो.

हे काम मुख्यतः तीन टप्प्यांत होतं आणि प्रत्येक टप्प्याचा कॅटॅलिस्ट निराळा.

पहिल्या टप्प्यात इथेनॉलची वाफ साधारण ३०० ते ४५० अंश सेल्सिअसला ॲल्युमिना किंवा झिओलाइटवरून नेतात. रेणूतलं पाणी निघून जातं आणि इथिलीन वायू उरतो. दुसऱ्या टप्प्यात हे छोटे रेणू एकमेकांना जोडून लांब साखळ्या करतात. यासाठी निकेलयुक्त किंवा झिओलाइट जातीचे कॅटॅलिस्ट वापरतात. इथेच खरी कसोटी लागते. साखळी आखूड राहिली तर पेट्रोलसारखा पदार्थ, फार लांब झाली तर डिझेल किंवा त्याहून जड. विमानाला मधली साखळी लागते. तिसऱ्या टप्प्यात हायड्रोजन देऊन इंधन स्थिर करतात. वनस्पती तूप करताना तेलाला निकेलवर हायड्रोजन देतात, त्यातलीच ही पद्धत. शेवटी ऊर्ध्वपातन करून विमानाचा भाग वेगळा काढतात. जेट इंधन उणे ४७ अंशापर्यंत गोठता कामा नये. तेवढ्या उंचीवर तेवढी थंडी असते.

हे नुसतं कागदावर राहिलेलं नाही. १९ मे २०२३ रोजी पुण्याहून दिल्लीला एअरएशिया इंडियाचं प्रवासी विमान गेलं. त्यात देशी कच्च्या मालापासून केलेलं असं शाश्वत इंधन थोड्या प्रमाणात मिसळलेलं होतं. पुण्याची प्राज इंडस्ट्रीज, इंडियन ऑइल आणि अमेरिकेची गेवो या कंपन्यांचं ते काम होतं. आंतरराष्ट्रीय विमानांसाठी केंद्र सरकारने २०२७ मध्ये १ टक्का, २०२८ मध्ये २ टक्के आणि २०३० मध्ये ५ टक्के मिश्रणाचं उद्दिष्ट ठेवलं आहे. जागतिक मानकानुसार या पद्धतीचं इंधन निम्म्यापर्यंत मिसळता येतं.

टनाला किती लिटर? हिशोब मांडून बघू

इथेनॉलमधून पाणी निघतं तेव्हा वजनही निघतं. ४६ किलो इथेनॉलमधून जास्तीत जास्त २८ किलो इथिलीन मिळतं, उरलेलं १८ किलो पाणी. कितीही भारी कॅटॅलिस्ट आणला तरी हा आकडा बदलत नाही, कारण तो निसर्गाचा हिशोब आहे. या हिशोबाने एक लिटर विमान इंधनाला किमान १.६ लिटर इथेनॉल लागतं. प्रत्यक्षात थोडं जास्तच.

एक टन उसाच्या रसापासून थेट इथेनॉल केलं तर साधारण ७० लिटर येतं. म्हणजे टनामागे विमानाचं इंधन फार तर चाळीस-बेचाळीस लिटर. मध्यम आकाराचं प्रवासी विमान तासाला साधारण अडीच टन इंधन खातं. पुणे-दिल्लीच्या दोन तासांना सहा हजार लिटर धरलं, तर पूर्णपणे उसाच्या इंधनावर एका फेरीला दीडशे टनांच्या आसपास ऊस लागेल. एकरी ४० टनांचा फड धरला तर पावणेचार एकर.

आता पैशाचं. उसाच्या रसापासूनच्या इथेनॉलला सरकारने ठरवलेला दर २०२४-२५ च्या हंगामात लिटरला ६५ रुपये ६१ पैसे होता. १.६ लिटरचे झाले १०५ रुपये. हा नुसता कच्चा माल झाला. त्यावर उष्णता, हायड्रोजन, कॅटॅलिस्ट, कारखान्याचं कर्ज. खनिज तेलापासूनचं विमान इंधन २०२५ मध्ये दिल्लीत लिटरला नव्वद रुपयांच्या आसपास होतं. म्हणजे सुरुवातच तोट्यातून होते. कॅटॅलिस्ट सुधारला तर वरचा खर्च घटेल, वाया जाणारा भाग कमी होईल. पण खालची १.६ ची पायरी हलणार नाही. हा धंदा मिश्रणाच्या सक्तीवर किंवा अनुदानावरच उभा राहणार, हे आधीच समजून घेतलेलं बरं. सक्ती सरकारच्या हातात असते आणि धोरण एका रात्रीत बदलू शकतं. ७ डिसेंबर २०२३ ला उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर अचानक बंदी आली होती, ती अजून कारखानदार विसरलेले नाहीत. आठवडाभरात ती अंशतः सैल झाली, पण व्हायचा तो गोंधळ होऊन गेला.

हे काम आपल्याकडे जुनंच

अल्कोहोलपासून रसायनं करायची विद्या बाहेरून नव्याने आलेली नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, म्हणजे पाषाण रस्त्यावरच्या एनसीएलमध्ये, १९८० च्या दशकात झिओलाइटवर मोठं काम झालं. पॉल रत्नसामी यांच्या गटाने ‘एन्सिलाइट’ नावाचे कॅटॅलिस्ट तयार केले. त्यातल्या ‘अल्बीन’ पद्धतीत अल्कोहोल आणि बेंझिन यांच्यापासून इथाइलबेंझिन करता येऊ लागलं. त्याचं पुढे स्टायरिन होतं आणि स्टायरिनचं थर्माकोल. खास गोष्ट अशी की अल्कोहोलमध्ये थोडं पाणी असलं तरी हा कॅटॅलिस्ट चालत असे. पाणी काढायचा खर्च वाचला. ही पद्धत विशाखापट्टणमच्या हिंदुस्तान पॉलिमर्स कारखान्यात वापरली गेली.

उत्तराखंडातल्या काशीपूरला इंडिया ग्लायकोल्स मळीच्या अल्कोहोलपासून इथिलीन आणि त्यापासून पॉलिस्टरला लागणारं ग्लायकोल करत आली आहे. ब्राझीलमध्ये ब्रास्केम कंपनी २०१० पासून उसाच्या इथेनॉलचं प्लॅस्टिक मोठ्या प्रमाणावर करते. आपल्याच राज्यात कोपरगाव तालुक्यातल्या साकरवाडीला अल्कोहोलपासून रसायनं बनवण्याचा धंदा जुना आहे. म्हणजे पहिला टप्पा, इथेनॉलचं इथिलीन, चांगला रुळलेला आहे. पुढचे टप्पे मोठ्या प्रमाणावर स्वस्तात चालवणं हे आजचं आव्हान.

यातून आणखी एक विचार पुढे येतो. रसायन हे इंधनापेक्षा महाग विकलं जातं. त्यामुळे तेवढ्याच अल्कोहोलवर जास्त पैसे सुटू शकतात. मात्र रसायनाचा बाजार लहान असतो. सगळ्याच कारखान्यांनी तेच करायला घेतलं तर भाव पडतो. टोमॅटोचं होतं तसं.

पाचट, पेंढा, बांबू : इथे गाडी अडते

साखरेचं अल्कोहोल सोपं. पाचट, पेंढा, तुऱ्हाट्या, बांबू यांचं अवघड. झाडाने स्वतःला उभं राहण्यासाठी सेल्युलोज आणि लिग्निन यांची घट्ट वीण घातलेली असते. ती उसवायला दोन वाटा आहेत.

एक विकरांची. पेंढा आम्लात आणि वाफेत मऊ करायचा, मग विकरांनी त्याची साखर करायची, मग यीस्ट. हरियाणात पानिपतला इंडियन ऑइलचा असा कारखाना ऑगस्ट २०२२ मध्ये देशाला अर्पण झाला. खर्च ९०० कोटींच्या वर, वर्षाला २ लाख टन पेंढा आणि ३ कोटी लिटर इथेनॉल, असा त्याचा आराखडा. म्हणजे टनाला १५० लिटर. तंत्रज्ञान पुण्याच्या प्राजचं. या वाटेवर विकरांचा खर्च, पेंढ्यासोबत येणारी माती आणि वर्षभराचा माल महिन्याभरात गोळा करून साठवणं, या तीन अडचणी कायम असतात.

दुसरी वाट उष्णतेची. लाकूड किंवा पाचट हवेशिवाय तापवायचं, निघणारी वाफ झिओलाइटवरून न्यायची आणि तेल करायचं. किंवा सगळ्याचा वायू करून त्या वायूपासून कॅटॅलिस्टवर इंधन बांधायचं. ऐकायला सरळ. पण पाचटात आणि पेंढ्यात पोटॅश भरपूर असतं. जे पोटॅश जमिनीला हवं तेच झिओलाइटला विष. त्यात मशिनने गोळा करताना रानातली माती येते ती वेगळीच. स्वच्छ भुश्शावर प्रयोगशाळेत आलेला उतारा शेतातल्या पाचटावर येत नाही, त्याचं एक मोठं कारण हेच.

अमेरिकेतल्या दोन गावांचा धडा

उतारा हा शब्द ऊस उत्पादकाला सांगायला नको. पॉइंट एकने फरक पडला तरी बिलात कळतं. अमेरिकेत मिसिसिपी राज्यातल्या कोलंबसला किऑर नावाच्या कंपनीने पाइन लाकडापासून कॅटॅलिस्टवर तेल काढायचा कारखाना टाकला. राज्य सरकारने साडेसात कोटी डॉलरचं कर्ज दिलं. कोरड्या लाकडाच्या टनाला ६७ गॅलन, म्हणजे सुमारे अडीचशे लिटर, उतारा मिळाल्याचं कंपनीने गुंतवणूकदारांना सांगितलं. प्रत्यक्षात कारखान्यात तेवढा उतारा आला नाही, मशिनरी सलग चालली नाही. २०१४ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. उताऱ्याबाबत दिशाभूल केल्याबद्दल अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाने २०१६ मध्ये कारवाई केली.

दुसरं गाव जॉर्जिया राज्यातलं सोपर्टन. तिथे रेंज फ्युएल्स कंपनीने लाकडाच्या कचऱ्याचा वायू करून इथेनॉल काढायचं ठरवलं. सरकारी मदतही मिळाली. कॅटॅलिस्टने इथेनॉल द्यायचं, तर निघालं मुख्यतः मिथेनॉल. वर सांगितलेली दुसरी परीक्षा, ‘जे हवं तेच निघतं का’, तीच नापास. २०११ मध्ये कारखाना बंद झाला. पुढे ती जागा दुसऱ्या कंपनीने घेतली आणि जानेवारी २०२४ मध्ये तिथेच लॅन्झाजेटच्या इथेनॉलपासून विमान इंधन करणाऱ्या कारखान्याचं उद्घाटन झालं. त्यामागचा कॅटॅलिस्ट अमेरिकेच्या सरकारी प्रयोगशाळेत आणि लॅन्झाटेक कंपनीत कित्येक वर्षं तपासला गेला होता. त्या इंधनावर २०१८ मध्ये ऑरलँडोहून लंडनला विमानही गेलं होतं. एवढं असूनही उद्घाटनानंतर प्रत्यक्ष इंधन निघायला बराच काळ गेला. फीत कापली म्हणजे गाळप सुरू झालं असं नसतं.

मोगली एरंडाची आठवण

आपल्याकडे वीस वर्षांपूर्वी मोगली एरंडाची लाट आली होती. नियोजन आयोगाच्या समितीने २००३ मध्ये त्याची शिफारस केली. पडीक रानात, बिनपाण्याचं, जनावर तोंड लावत नाही असं झाड, असा प्रचार झाला. २००९ च्या जैवइंधन धोरणात २०१७ पर्यंत डिझेलमध्ये २० टक्के मिश्रणाचं उद्दिष्ट होतं. प्रत्यक्षात मिश्रण १ टक्क्यावरही गेलं नाही. बिनपाण्याचं झाड जगतं, पण बी धरत नाही, हे लावणाऱ्यांना रानात कळलं.

यात कॅटॅलिस्टचा दोष नव्हता. डेहराडूनच्या भारतीय पेट्रोलियम संस्थेने मोगली एरंडाच्या तेलाचं विमान इंधन करून दाखवलं. २७ ऑगस्ट २०१८ ला त्यावर स्पाइसजेटचं चाचणी विमान डेहराडूनहून दिल्लीला गेलं. तेल छत्तीसगडच्या शेतकऱ्यांकडचं होतं. म्हणजे प्रयोगशाळा पास झाली, रानातला हिशोब नापास झाला. दोन्ही पास झाले तरच धंदा होतो.

प्रकल्प तालुक्यात आला तर काय विचारायचं?

बांबू लावा, पाचट द्या, गवत लावा, आम्ही घेतो, असं सांगणारे येत राहणार. त्यातले काही खरेही असतील. ग्रामसभेत किंवा कारखान्याच्या सर्वसाधारण सभेत एवढे प्रश्न तरी विचारले पाहिजेत.

एक, टनाला किती उतारा? तो प्रयोगशाळेतला की चालू कारखान्यातला? चालू कारखाना कुठे आहे, बघायला नेणार का?

दोन, तो उतारा कोणत्या मालावर काढला? पाइनच्या भुश्शावर की आपल्या पाचटावर? मातीचं आणि ओलाव्याचं प्रमाण किती चालतं, आणि जास्त निघालं तर कपात कोणाच्या बिलातून?

तीन, कॅटॅलिस्ट किंवा विकरं किती दिवस चालतात? बदलायचा खर्च किती? बदलण्यासाठी कारखाना बंद राहील तेव्हा तोडलेल्या मालाचं काय?

चार, सरकारी दर किंवा मिश्रणाची सक्ती उद्या बदलली तर करारातला भाव राहतो का? भाव लेखी आहे की तोंडी?

पाच, रानातून जे जातं त्याचं काय? हेक्टरी साधारण ८ ते १० टन पाचट निघतं. त्यात पोटॅश पाऊण ते एक टक्का धरलं तरी साठ ते शंभर किलो होतं, शिवाय सेंद्रिय कर्ब वेगळा. पाचट जाळणाऱ्याला विकणं केव्हाही फायद्याचं. पण पाचट कुजवणाऱ्याने तेवढ्या खताची किंमत आणि गोळा करायची मजुरी धरूनच भाव मागावा. उरलेली राख किंवा गाळ परत रानात मिळणार का, तेही विचारावं.

सहा, डिस्टिलरीत इथेनॉलबरोबर जवळपास तेवढ्याच वजनाचा कार्बन डायऑक्साइड निघतो, लिटरमागे पाऊण किलो. तांबे-जस्ताच्या कॅटॅलिस्टवर हायड्रोजनबरोबर त्याचं मिथेनॉल करता येतं. हायड्रोजन महाग आहे म्हणून आज ते परवडत नाही. उद्या परवडलं आणि त्या वायूला भाव आला, तर तो उपपदार्थ उसाच्या दरात धरला जाणार का? मळी आणि बगॅसच्या वेळी जो वाद झाला तो पुन्हा होण्याआधीच हा प्रश्न इतिवृत्तात नोंदवून ठेवावा.

मिटाश यांना साध्या लोखंडापर्यंत पोचायला हजारो चाचण्या कराव्या लागल्या आणि त्या सगळ्यांचा खर्च कंपनीने सोसला. नव्या इंधनाच्या चाचण्याही व्हायलाच पाहिजेत, त्याशिवाय पुढचा रस्ता नाही. फक्त त्या चाचणीचा खर्च शेतकऱ्याच्या रानातून आणि त्याच्या बिलातून वसूल होऊ नये, एवढं बघणं आपल्या हातात आहे.